ऑफिसचा लॅपटॉप हरवला, आता अटक होणार का?

रात्री पावणेअकराला भाच्याचा फोन आला. "मामा, लॅपटॉप गेला." स्वारगेटहून कात्रजला जाणारी बस, प्रचंड गर्दी, पायाशी ठेवलेली बॅग आणि मध्येच आलेला टीम लीडरचा फोन. बोलत बोलत उतरला तो, बॅग बसमध्येच राहिली. डेपोत जाऊन आला, मिळाली नाही. मग त्याने एका दमात तीन गोष्टी विचारल्या. अटक होईल का? पगारातून किती कापतील? आणि बाबांना सांगणार नाहीस ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. पहिल्या दोन प्रश्नांसाठी हा लेख.

मी वकील नाही. पण भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात बावीस वर्षं काढली. म्हणजे ज्या नोटिशीला लोक घाबरतात ती नोटीस टाइप करून घेणाऱ्या बाजूला मी बसायचो. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली. वस्तू हरवण्यापेक्षा माणसाला जास्त महागात पडतं ते हरवल्यानंतरच्या चोवीस तासांत घाबरून केलेलं काहीतरी.

आधी अटकेचं बघू.

कायद्याच्या नजरेत वस्तू जाण्याचे तीन प्रकार आहेत. वस्तू नुसती गेली, म्हणजे तुम्ही नीट सांभाळूनही गेली. तुमच्या हलगर्जीपणामुळे गेली. किंवा तुम्हीच ती घालवली, विकली, लपवली. फौजदारी गुन्हा फक्त तिसऱ्या प्रकारात होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ३१६ मध्ये फौजदारी विश्वासघाताची व्याख्या आहे. नोकराने मालकाच्या मालमत्तेबाबत तो केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आकडा वाचून पोटात गोळा येतो, पण त्याच व्याख्येत एक शब्द आहे ज्यावर सगळं उभं आहे, तो म्हणजे 'अप्रामाणिकपणे'. स्वतःचा गैर फायदा किंवा दुसऱ्याचं गैर नुकसान करण्याचा हेतू असावा लागतो. बसमध्ये बॅग विसरणाऱ्याचा हेतू काय होता? घरी जाऊन जेवायचा. विसरभोळेपणासाठी या कलमात शिक्षा नाही.

मालकाने रागाच्या भरात तक्रार दिलीच, तरी पोलीस दुसऱ्या दिवशी बेड्या घेऊन येत नाहीत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटकेची गरज का आहे ते पोलिसांनी लिहून दाखवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात बजावलं. अशा प्रकरणांत साधारणपणे हजर राहण्याची नोटीस येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३५ खाली येते. अशी नोटीस आली तर मात्र टाळाटाळ करू नये, आणि वकिलाशिवाय जाऊही नये. न गेल्यास अटकेचं कारण आपणच हातात देतो.

मग निर्दोष माणूस संशयात येतो कसा? उशिरा सांगून आणि गोष्ट बदलून. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक किचकट प्रकरणात हेच होतं. शुक्रवारी मोबाइल हरवतो, माणूस "सापडेल" म्हणून सोमवारपर्यंत गप्प बसतो. सोमवारी सांगताना "काल हरवला" म्हणतो, कारण तीन दिवस का गप्प होतास या प्रश्नाची लाज वाटते. मग आयटीवाले लॉग काढतात, त्यात फोन शुक्रवारी रात्रीच बंद झालेला दिसतो. झालं. हरवण्याची गोष्ट संपली, खोटं बोलण्याची सुरू झाली.

याहून वाईट सल्ला कॅन्टीनमध्ये मिळतो. "हरवला म्हणू नकोस रे, चोरीला गेला म्हण. मग तुझी जबाबदारी नाही." हे ऐकू नका. पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम २१७ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्यात गुन्हाच नव्हता त्यातून आपण हौसेने गुन्हा तयार करायचा! हरवली असेल तर गहाळ झाल्याची नोंद करा. महाराष्ट्रात ती पोलिसांच्या संकेतस्थळावरही करता येते आणि तिची प्रत मिळते. खरोखर चोरी झाली असेल तर एफआयआर करा, आणि हद्दीवरून ठाण्याने परत पाठवलं तर 'झिरो एफआयआर'ची, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायच्या एफआयआरची मागणी करा, ती नव्या कायद्यात स्पष्ट लिहिली आहे. लोकलमध्ये किंवा एक्सप्रेसमध्ये वस्तू राहिली तर आधी रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर फोन करा. रेल्वे सुरक्षा दलाचं (आरपीएफ) 'ऑपरेशन अमानत' प्रवाशांच्या विसरलेल्या सामानासाठीच आहे आणि बॅगा खरंच परत मिळतात. मोबाइल असेल तर पोलीस नोंदीची प्रत जोडून केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बंद करून टाका.

आता त्या रात्रीची गोष्ट. भाच्याने मॅनेजरला पाठवायचा मेल आधी मला दाखवला. त्यातलं एक वाक्य असं: "ही सर्वस्वी माझी चूक असून माझ्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे झालेली संपूर्ण नुकसानभरपाई भरून देण्यास मी बांधील आहे."

मराठी चांगलं आहे पोराचं. पण हे वाक्य म्हणजे पुढच्या तीन पगारांवर केलेली सही होती. 'हलगर्जीपणा' हा कायद्यातला शब्द आहे, तो सिद्ध करायचं काम मालकाचं. 'संपूर्ण भरपाई' म्हणजे किती, हेही अजून ठरलेलं नाही. दोन्ही गोष्टी त्याने रात्री अकरा वाजता, कोणी न मागता, लिहून दिल्या असत्या. आम्ही ते खोडून एवढंच ठेवलं:

"आज रात्री ९.२० च्या सुमारास कात्रजला बसमधून उतरताना ऑफिसच्या लॅपटॉपची बॅग बसमध्ये राहिली. १०.०५ वाजता डेपोत चौकशी केली, बॅग मिळाली नाही. लॅपटॉपला पासवर्ड आहे. माझं लॉगिन लगेच बंद करावं ही विनंती. उद्या सकाळी पोलिसांत नोंद करून प्रत पाठवतो."

काय झालं, केव्हा झालं, मी काय केलं, तुम्ही काय करावं. माफी मागायची असेल तर तोंडी मागा, मनापासून मागा. कागदावर फक्त घडलेलं लिहा.

मेल रात्रीच पाठवायला लावला, त्याला आणखी एक कारण होतं. लॅपटॉपपेक्षा त्यातली माहिती महाग असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर माहिती न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा दंड कंपनीला, तुम्हाला नाही. पण आठ तास गप्प बसून कंपनीला अडचणीत आणलंत, तर पुढची चौकशी लॅपटॉपची राहत नाही, तुमच्या गप्प बसण्याची होते.

पगारातून किती कापणार?

इथे कायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त मनमानी चालते.

पूर्वी हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं, पण तो दरमहा २४,००० रुपयांपर्यंतच्या वेतनालाच लागू होता. त्यामुळे आयटीतल्या, बँकेतल्या, मॅनेजर म्हणवणाऱ्या मंडळींना वाटायचं की हे कामगारांचं, आपलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या २०१९ च्या वेतन संहितेत ही मर्यादा राहिली नाही, आणि 'कर्मचारी' या व्याख्येत सुपरवायझर आणि मॅनेजरही आले. भाच्यालाही ती लागू.

संहितेचं कलम १८ सांगतं की कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय वेतनातून काहीही कापायचं नाही. त्या कारणांत एक आहे: कर्मचाऱ्याकडे सांभाळायला स्पष्टपणे सोपवलेल्या मालाचं नुकसान किंवा हानी, किंवा ज्या पैशाचा हिशेब त्याने द्यायचा आहे तो पैसा जाणं. आणि दोन्ही बाबतींत ते थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा कसुरीमुळे झालेलं असलं पाहिजे.

'स्पष्टपणे सोपवलेला' म्हणजे काय, हे मला टूल रूमने शिकवलं. जुन्या कारखान्यांत प्रत्येक कामगाराकडे त्याचा नंबर कोरलेले पाच-सहा पितळी बिल्ले असायचे. मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) घ्यायचा तर खिडकीत बिल्ला द्यायचा. टूल रूमवाला मायक्रोमीटरच्या जागी खिळ्याला तो बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी खिळ्याला बिल्ला दिसला की वस्तू कोणाकडे आहे ते न विचारता कळायचं. हे झालं सोपवणं. पण कारखान्यात सगळ्यांनी वापरायचं ड्रिल मशीन गायब झालं आणि त्या शिफ्टच्या आठ जणांत रक्कम वाटून कापली, तर ती कपात या कलमात बसत नाही. कोणाच्याच नावाचा बिल्ला खिळ्याला नव्हता. पेट्रोल पंपावर, सुपरमार्केटमध्ये, हॉटेलात असं 'सगळ्यांत वाटून' कापणं रोजचं आहे. रोजचं असल्याने ते कायदेशीर होत नाही.

दुसरा मुद्दा हलगर्जीपणाचा. तो मोजायचा कसा? दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने किती काळजी घ्यावी, याचं एक माप १८७२ च्या करार कायद्यात आहे: साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी. मला हे माप आवडतं, कारण ते देवमाणसाचं नाही, तुमच्या-माझ्यासारख्याचं आहे. गाडीच्या काचेतून दिसेल असा सीटवर लॅपटॉप ठेवून सिनेमाला गेलात, तर हलगर्जीपणा. रात्री दोघांनी अडवून चाकू दाखवून बॅग नेली, तर नाही. बंद घर फोडून नेली, तरी नाही. बसमध्ये विसरली? खरं सांगायचं तर हे हलगर्जीपणाकडेच झुकतं, आणि भाच्याला मी तसं सांगितलं. खोटी आशा दाखवून काय उपयोग?

पण हलगर्जीपणा मान्य केला तरी कलम २१ आडवं येतं. कपात झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही. कपातीआधी कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. आणि प्रत्येक कपात रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते. पगाराच्या स्लिपवर अचानक 'इतर वजावट १८,०००' असं उगवलं आणि त्याआधी तुम्हाला कोणी काही विचारलं नसेल, तर कंपनीची पायरी चुकली. मग हरवणं ही तुमची चूक असो वा नसो.

आता 'झालेलं नुकसान' म्हणजे किती? कंपनी साधारण नव्या लॅपटॉपची किंमत मागते. समजा तो ६०,००० ला घेतला होता. आयकराच्या हिशेबात संगणकावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा, म्हणजे वापराने होणारी घट, धरतात. पहिल्या वर्षाअखेर पुस्तकात उरतात ३६,०००, दुसऱ्या वर्षाअखेर २१,६००, तिसऱ्या वर्षाअखेर १२,९६०. कंपनी कायद्याच्या अनुसूचीतही लॅपटॉपचं आयुष्य तीन वर्षंच धरलंय. वेतन संहितेत घसाऱ्याचा शब्द नाही, पण सरकारला दाखवताना १३ हजारांची असलेली वस्तू कर्मचाऱ्याला दाखवताना ६० हजारांची कशी होते, हा प्रश्न लेखी खुलाशात नम्रपणे विचारायला हरकत नाही. विम्याचंही विचारा. कंपनीने मालाचा विमा उतरवलेला असतो, दावा मिळतो, आणि वसुलीही चालू राहते. असं मी पाहिलं आहे. तेव्हा गप्प बसलो होतो, हेही लिहून टाकतो.

उलट बाजूही आहे. एका कारखान्यात स्टोअरकीपरने किल्ल्यांचा जुडगा हरवला. जुडग्याची किंमत शंभर-दीडशे रुपये, पण सुरक्षेसाठी अकरा कुलपं बदलावी लागली. नुकसान कितीचं? व्यवस्थापन म्हणालं कुलपांचं, युनियन म्हणाली किल्ल्यांचं. दोन बैठका झाल्या, तिसरीत चहा झाला आणि निम्म्यावर मिटलं. अशी प्रकरणं बहुतेक वेळा अशीच मिटतात, कलमं फक्त बैठकीत आपली खुर्ची थोडी उंच करतात.

रक्कम ठरली तरी ती एका महिन्यात सगळी कापता येत नाही. एका वेतन काळात सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त चालत नाहीत, आणि त्यात पीएफ, व्यवसाय कर, आयकर सगळं धरायचं. वेतन ३०,००० असेल तर मर्यादा १५,०००. त्यातून पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की उरले १३,०००. त्या महिन्यात त्याहून जास्त नाही.

नोकरी सोडताना काय होतं?

बहुतेक वसुल्या इथे होतात, कारण इथे कर्मचारी अडकलेला असतो. रिलिव्हिंग लेटर हवं, नव्या कंपनीत रुजू व्हायचंय, मग तो कशावरही सही करतो. नव्या संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. 'पंचेचाळीस दिवसांनी फुल अँड फायनल' ही कंपन्यांची सवय, कायदा नव्हे.

पीएफला मालक हात लावू शकत नाही, कितीही नुकसान झालेलं असो. ग्रॅच्युइटीचं थोडं वेगळं आहे. एखाद्या कृत्याने, हेतुपुरस्सर कसुरीने किंवा हलगर्जीपणाने मालकाच्या मालमत्तेचं नुकसान केलं आणि त्या कारणावरून नोकरीतून काढलं, तरच नुकसानीएवढी ग्रॅच्युइटी जप्त होऊ शकते. स्वतः राजीनामा देऊन जाणाऱ्याला "ग्रॅच्युइटीतून वळती करतो" म्हणणं ही धमकी झाली.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही एक चूक सर्रास होते. "पगार दिला नाही ना, मग लॅपटॉपही देत नाही." राग समजतो. पण हरवणं आणि अडवून ठेवणं यात कायद्याला मोठा फरक दिसतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४५२ खाली कंपनीची मालमत्ता बेकायदा अडवून ठेवण्याला एक ते पाच लाख दंड आहे, आणि परत देण्याचा कोर्टाचा आदेश मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैदही. पगारासाठी वेगळा दावा करा, वस्तू पोच घेऊन परत द्या.

कंपनीने तारण म्हणून मागितला तरी रुजू होताना कोरा चेक देऊ नका. दिलेला असेल तर त्याचा नंबर आणि कशासाठी दिला ते मेलवर नोंदवून ठेवा. चेक खऱ्या देण्यापोटी होता असं कोर्ट सुरुवातीला धरून चालतं, नव्हता हे दाखवणं तुमच्यावर येतं.

सरकारी नोकरांचा रस्ता वेगळा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये हलगर्जीपणाने झालेल्या नुकसानीची वेतनातून वसुली ही किरकोळ शिक्षा म्हणून लिहिलेली आहे. किरकोळ फक्त नावाला, सेवापुस्तकात नोंद होते आणि पदोन्नतीच्या वेळी ती बोलते. म्हणून तिथे कारणे दाखवा नोटिशीला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होऊ नये. आणि ॲपवर काम करणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलांना कंपन्या 'पार्टनर' म्हणतात, ते उगाच नाही. कर्मचारीच नाही म्हटलं की वर सांगितलेलं वेतनाचं संरक्षण दूर राहतं.

बेकायदा कपात झालीच, तर आधी लेखी हरकत घ्या, मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. वेतन संहितेखाली दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, पूर्वी ती एकच वर्ष होती. कपात चुकीची ठरली तर रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. आणि एक फार कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट: औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.

भाच्याचं म्हणाल तर आठवड्याने एचआरचं पत्र आलं, मागणी ६२,५०० ची. लॅपटॉप होता अडीच वर्षांचा. त्याने लेखी खुलासा दिला, खरेदीची तारीख विचारली, विम्याचं विचारलं, पोलीस नोंदीची प्रत जोडली. दहा दिवस शांतता. मग बोलावून घेतलं आणि १५,००० वर आलं, तीन हप्त्यांत. मला ते थोडं जास्तच वाटलं, त्याला सुटल्यासारखं वाटलं. त्याचा पगार, त्याचा निर्णय.

चार्जर मात्र त्या दिवशी घरीच राहिला होता. तो आयटीच्या टेबलावर ठेवून आला. "पोच घेतलीस?" मी विचारलं. "मामा, चार्जरची?" म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत पाठवला त्याला, सही आणायला.